गाडी अजून तयार नाही

प्रिय सूनबाई,

हाक वाचून दचकू नकोस. कोर्टाने काय ठरवलं ते मला ठाऊक आहे, पण कोर्टाने मला काही विचारलं नव्हतं, त्यामुळे माझ्या हाताला अजून जुनंच वळण आहे. 'प्रिय'च्या पुढे तुझं नाव लिहून पाहिलं, तर पत्र बँकेतून आल्यासारखं दिसायला लागलं. तो कागद फाडला. मग नुसतंच 'प्रिय मुली' लिहिलं, तर मी एकदम पांढऱ्या केसांची पुण्यवान बाई झाले. तोही फाडला. शेवटी म्हटलं, जी आहेस तीच लिहावी. आता चिडलीस तर चीड, पण पत्र शेवटपर्यंत वाच. शेवटी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मला थेट सुरुवातीला लिहिता येत नाहीये. सकाळपासून प्रयत्न चाललाय.

मेसेज करायला हवा होता, मान्य. पण मेसेजला तू अंगठा दाखवतेस. मी एवढं लांबलचक लिहावं आणि तुझ्याकडून तो पिवळा अंगठा यावा, म्हणजे आमच्या वेळी अंगठा दाखवला की जो अर्थ व्हायचा तोच मी घेते बघ. आणि फोन केला असता, तर तू तुझ्या त्या क्लिनिकमधल्या आवाजात बोलली असतीस, बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलतेस तसं, हळू आणि स्पष्ट, आणि मला रडू फुटलं असतं. शिवाय तुझी गाडी माझ्या शेडमध्ये पडून आहे असं मी कळवलं, त्यावर आलेला तुझा तो मेसेज. 'काकू, गाडीचं काय ते तुम्हीच बघा. विकून टाकलीत तरी चालेल. सही लागली तर कळवा.' काकू! अगं, काकू मी कोपऱ्यावरच्या पाववाल्याची. काकू मी दुकानात पडदे बघायला येऊन काहीच न घेता जाणाऱ्या अख्ख्या गावाची. तुझी मी 'अहो आई' होते. लग्नानंतर पहिल्यांदा तू तसं म्हणालीस तेव्हा मला हसू आलं होतं, की ही काय नवी पद्धत, आईला अहो लावायची. मग सवय झाली. सवय अशी झाली की तो मेसेज मी वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तू बरोबरच विचार करून लिहिलं असशील. पण लागलं, ते सांगते. लागलं.

मग मी तुला उत्तर पाठवलं की गाडी अजून तयार नाही. त्यानंतर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी तेच लिहिलं. कसली तयार नाही, काय राहिलंय, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मला भीती ही होती की गाडी विकली की तुला मला मेसेज करायचं कारणच उरणार नाही. आता हे एकदा लिहून टाकलं, बरं झालं. आत जाऊन चहा टाकून येते.

आले. चहा तिथेच विसरले, असो.

तुला तो वाढदिवस आठवतो का? नसेल आठवत तर चांगलंच आहे, पण मला आठवतो. आमच्या चिरंजीवांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं, डोळ्यांवर हात ठेवून तुला बाहेर आणलं, आणि समोर ती गाडी. दोनच दरवाजे, बसकी, लांब नाकाची, बाटलीसारखी हिरवी, आणि बॉनेटवर लाल फीत. जुनीच घेतलेली, पण तुझ्या नावावर. 'कूपे आहे,' असं तो म्हणाला, आणि मी म्हटलं, कूपे आगगाडीत असतो. त्यावर तो इतका वैतागला! मग त्याने सगळ्यांना समजावलं की अशा गाड्या आता बनत नाहीत, यंत्राने गिअर पडणाऱ्या गाड्यांच्या जमान्यात ही हाताने गिअर टाकायची, म्हणून ही 'फ्युचर क्लासिक'. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, आज कोणी विचारत नाही पण उद्या लोक मागे लागतील. म्हणजे आज भंगार, उद्या सोनं. मला वाटलं, असं तर मग आपल्या घरात बरंच काही फ्युचर क्लासिक आहे. तू मात्र खरंच खूश झाली होतीस. तू आत बसलीस, आणि सीट एवढी खाली की तुझे डोळे स्टिअरिंगच्या चाकातून बाहेर बघत होते. तुझा पाय क्लचला पुरत नव्हता. फाटकापर्यंत जाताना गाडी बंद पडली, परत पडली, आणि सगळे हसले. तोही हसला, म्हणाला, ही गाडी सगळ्यांच्या हाताची नाही. तू उतरलीस, किल्ली त्याच्या हातात दिलीस आणि आत जाऊन पाणी प्यायलीस. भेट तुला आणि किल्ली त्याच्या खिशात. पुढे तू ती कधी चालवलेली मी पाहिली नाही.

मग नव्याचे नऊ दिवस. गाडी खाली बसवली, इतकी खाली की रस्त्यावर चिंध्या पडल्या असत्या तर त्याही उचलल्या गेल्या असत्या. मागे विमानाची शेपटी लावली. सायलेन्सर असला बसवला की तो गल्लीच्या टोकाला वळला की माझ्या दुकानातल्या काचेच्या बरणीतली बटणं वाजायची. तू कानांची माणूस! दिवसभर त्या बंद खोलीत लोकांना बारीक शिट्या ऐकवून कुठली ऐकू आली ते विचारणारी. तुला त्या गाडीत बसवून तो फिरवायचा आणि तू खिडकीकडे तोंड करून बसायचीस. मी बघत होते. आणि एक दिवस हौस फिटली. तो गाडी माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये आणून लावून गेला, तात्पुरती म्हणून. गाडीवर कापड टाकलं. मग तुझ्याशी बोलणं टाकलं. मग तुलाच टाकलं. क्रम बघ, अगदी सरळ आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी कोणाजवळ बोलले नाही. पण लिहायला हरकत नाही.

थांब, शेडचं दार वाऱ्याने आपटतंय. आज वारा असा सुटलाय की कशात म्हणून लक्ष लागत नाही.

दार लावून आले. तिथे गेले की उगाच बॉनेटवरून हात फिरवून येते, ही एक नवी खोड लागली आहे.

तर, वाटण्या झाल्या, भांडी गेली, पुस्तकं गेली, पण गाडीची आठवण कोणालाच झाली नाही, कारण ती माझ्या शेडमध्ये कापडाखाली होती. मलाही नव्हती. मला एका हॉटेलच्या खुर्च्या भरायचं काम मिळालं होतं आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी कापड ओढलं. बॉनेटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. टायर बसलेले. आणि आतली सीट उसवलेली. आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. जन्म गाद्या आणि सोफे शिवण्यात गेला. लोकांच्या घरी गेले तर चहा नंतर, आधी माझा हात खुर्चीच्या शिवणीवर जातो. उसवलेलं मला बघवत नाही. पण सीट बाहेर काढायची तर गाडी हलवायला हवी, आणि हलवायची तर चालू व्हायला हवी. म्हणून मेकॅनिकला बोलावलं. मला वाटलं, बॅटरी बदलू आणि बाजूला लावू, एवढंच.

मेकॅनिक म्हणजे आमचा 'उद्या'. त्याला सगळेच उद्या म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, तो उद्या बघू म्हणतो. आईने ठेवलेलं नाव त्याला स्वतःला आठवतं की नाही कोण जाणे. एकदा मी फोन केला आणि तो म्हणाला, आज येतो, तर मी घाबरले, म्हटलं, घरी सगळं ठीक आहे ना. पण माणूस कामाचा. त्याने इंजिन ऐकलं, डोकं हलवलं आणि म्हणाला, हृदय चांगलं आहे, बाकी अंगावर फार अत्याचार झालेत. मला ते इतकं पटलं की मी त्याला दुसरा कप दिला.

तिथून सुरू झालं ते थांबेचना. आधी तो आरडाओरडा करणारा सायलेन्सर काढला. उद्या म्हणाला, लोक पैसे देऊन आवाज वाढवतात, तुम्ही कमी काय करताय. मी म्हटलं, शेजाऱ्यांना त्रास नको. मग कुठून कुठून शोधून मूळच्या जातीचा सायलेन्सर मिळवला. आता ती अशी बोलते, म्हणजे घसा साफ करून कोणीतरी हळू आवाजात बोलावं तशी. मग खाली बसवलेली गाडी परत उचलली, नवे शॉकअप टाकले, कारण त्या आधीच्या दगडी बसण्याने मणक्याची वाट लागते. मग क्लच. त्याचा सगळा संच बदलून उद्याला सांगितलं, इतका हलका कर की चप्पल घालूनही दाबता यावा. तो म्हणाला, स्पोर्ट्स गाडी आहे, क्लच जडच असतो. मी म्हटलं, माझे गुडघे. त्याने पाना उचलला, गुडघ्यांपुढे कोणाचं चालत नाही. ब्रेक नवे घातले. खालचे सगळे रबराचे बुश बदलले. विमानाची शेपटी मी स्वतः पाना घेऊन काढली आणि ती हातात आली तेव्हा जो आनंद झाला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. बाजूचे आरसे थोडे आत वळवून घेतले. हे सगळं करताना मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगायची, शेजारी, गुडघे, पाठ, आणि मला ती कारणं खरीच वाटायची. तू हसशील, पण खरंच वाटायची.

आणि आता एक लाज वाटण्यासारखी गोष्ट. मला ती चालवायला आवडायला लागली. तू मला फक्त सोफे वाहणारी व्हॅन चालवताना पाहिलं आहेस, ती म्हणजे कपाट चालवल्यासारखी. पण ही! बायपासला वळणावर दुसरा गिअर टाकला की ती मागच्या पायांवर उभी राहिल्यासारखी सावरते आणि निघते. एकदा सिग्नलला शेजारी एक झगमगीत गाडी थांबली. आत एक पोरगा, गॉगल, आणि नुसता घूं घूं करून दाखवतोय. माझ्या मागच्या सीटवर, जी तशीही फक्त नावाला सीट आहे, फोमचा गठ्ठा बांधलेला. डोळ्यांवर जाड चष्मा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. हिरवा लागला आणि मी त्याला पुढच्या पुलापर्यंत आरशात ठेवला. पुढे मीच थांबून त्याला जाऊ दिलं, म्हातारीने किती करावं. पण त्या दिवशी दुकानात मी उगाच गुणगुणत होते आणि एका बाईचे पडदे अर्ध्या वितेने आखूड कापले. ते परत शिवावे लागले. असो, त्याची जिरवली ती जिरवलीच.

सगळ्यात शेवटी सीट हाती घेतली. ते माझं काम, तिथे उद्याला मी हात लावू दिला नाही. जुनं चौकड्यांचं कापड जपून उतरवलं, धुतलं, गुंडाळून ठेवलं. आतला सांगाडा साफ केला, पट्ट्या नव्या ओढल्या, फोम कापला. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे, तुला मी पूर्वी सांगितली आहे: खुर्ची कधी हवेत बेतायची नाही. बसणाऱ्याला समोर बसवायचं, त्याची पाठ बघायची, पाय बघायचे, मग सुरी चालवायची. इथे बसणारं कोणी नव्हतं, पण माझे हात आपले चालत राहिले. कुठे किती उंच, कुठे खोल, कुठे जरा जास्त आधार, हे हातांना जसं काही ठाऊकच होतं. मी म्हटलं, अनुभव, दुसरं काय. सीटचे रूळही पुढे सरकवून घट्ट करून घेतले. सुरेख झाली. शिवण अशी बसली आहे की मीच बघत बसते.

त्यानंतर मात्र माझे गुडघे खरंच दुखायला लागले. गाडी चालवली की घरी येऊन तेल चोळत बसायचं. गुडघे दोन्ही बाजूंना फाकवून, स्टिअरिंग पोटाशी घेऊन मी चालवायची, आणि डोकं छताला लागायचं. मी मनाशी म्हटलं, वय झालं, बये. डॉक्टरकडे गेले. त्यांनीही वय झालं असंच सांगितलं. मग काय, दोघांचं एकमत.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते, कारण त्यातूनच पुढचं सगळं आलं. उद्याच्या ओळखीने एक गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्या जमवणारा माणूस, सडपातळ, हातात पांढरे हातमोजे, खिशात लोहचुंबक, पत्र्यावर कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे का ते बघायला. मी त्याला फक्त बघू द्यायचं ठरवलं होतं. विकायचं नव्हतं, पण गाडी कशी झालीय हे कोणीतरी जाणकाराने सांगावं असं वाटत होतं, स्वयंपाक केल्यावर वाटतं तसं. त्याने गाडीभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकला, वर आला, फोटो काढले, आणि खूश होत गेला. म्हणाला, मूळ रंग, मूळ सायलेन्सर, उगाच चाळे नाहीत, अशी आता शोधून सापडत नाही, ही आणखी काही वर्षांत दुर्मीळ होणार. मला अभिमानाने भरून आलं. मग तो आत बसला. म्हणजे बसू गेला. त्याचा गुडघा स्टिअरिंगला अडकला, डोकं वर आपटलं. त्याने सीट मागे सरकवायला दांडी ओढली, ती हलेना. तो बराच वेळ धडपडला, मग बाहेर आला आणि मोजे झटकत मला म्हणाला, बाई, हे कोणाच्या मापाने केलंय?

मी म्हटलं, माझ्या. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तुला माहीत आहे मी केवढी आहे. माझे सासरे मला दारातून आत येताना वाक म्हणून ओरडायचे. तो म्हणाला, तुम्ही यात मावत नाही. ही सीट एका ठेंगण्या माणसासाठी आहे, ज्याचे पाय आखूड आहेत आणि जो डावा खांदा जरा पाडून बसतो. बघा, डावीकडे आधार जास्त भरलाय.

सूनबाई, मी तिथेच शेडमधल्या फोमच्या गठ्ठ्यावर बसले. तुझ्या क्लिनिकमधल्या चाचणीच्या खोलीसाठी मी तुला खुर्ची करून दिली होती ना, तेव्हा तुला समोर बसवून सगळी मापं घेतली होती. तुझा डावा खांदा. दिवसभर त्या यंत्राची बटणं फिरवून तो पडतो, म्हणून तिथे मी जास्त भरलं होतं. तेच. तेच सगळं. माझ्या हातांनी मला न विचारता तुझी सीट केली, आणि मी महिनाभर त्यात माझे लांबलचक पाय कोंबून, वय झालं म्हणत, तेल चोळत बसले. अशी चूक उभ्या आयुष्यात केली नव्हती. आणि मग एकेक करून बाकीचंही डोक्यात आलं. सायलेन्सर शेजाऱ्यांसाठी नव्हता. आमच्या शेजाऱ्यांना तर ऐकूच येत नाही, त्यांना कानाचं यंत्र तूच बसवून दिलं आहेस. क्लच माझ्या गुडघ्यांसाठी नव्हता. आरसे वळवले तेही माझ्या उंचीसाठी नव्हते. तो माणूस काहीतरी बोलत होता, की सीट काढून टाकू, जुनं चौकड्यांचं कापड असेल तर मूळचं परत करू, गाडी मी घेतो. मी त्याला म्हटलं, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, मग दाखवलीत कशाला. त्याचंही बरोबर होतं. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. तो गेल्यावर मी बराच वेळ रडले, आणि खोटं कशाला सांगू, मध्येच हसलेही. त्या डॉक्टरांची फी आठवून.

आता तू म्हणशील, एवढंच सांगायचं होतं तर सकाळपासून कशाला ही उठबस. नाही. एवढंच असतं तर मी तुला सीटचा फोटो पाठवला असता आणि तुझ्या अंगठ्याची वाट बघत बसले असते. तुझं कसं चाललंय? नव्या जागेत ऊन येतं का? मला आताशा उजव्या कानाने कमी ऐकू येतं असा संशय आहे, पण मी दुसऱ्या कोणाकडे दाखवणार नाही. उद्याने परवा विचारलं की सूनबाई येणार आहेत का गाडी न्यायला. त्याला मी काहीच सांगितलेलं नाही, तरी विचारलं. म्हणजे मी सोडून सगळ्यांनाच कळलेलं होतं. बघ, मी परत दुसरीकडेच चालले. लिहितेच आता.

त्या संग्राहकाने गाडीचे फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकले, आणि त्या ग्रुपमध्ये आमचे चिरंजीव अजून आहेत. परवा त्याचा फोन आला. किती दिवसांनी आला! आधी माझी तब्येत विचारली, मग गाडीवर आला. तिला आता चांगली किंमत आली आहे, त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय, येत्या रविवारी तो स्वतः तुझ्याकडे सही घ्यायला येणार आहे. मी म्हटलं, गाडी तिच्या नावावर आहे. त्यावर तो हसला आणि म्हणाला, 'तिचं काय, आई, ती कशावरही सही करते.' मी फोन ठेवला, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते कुरिअरने. तो येईल तेव्हा हात हलवत येणार नाही, तुझ्या आवडीचं काहीतरी आणेल. आधी तुझ्या कामाची चौकशी करेल. मग डोळे खाली करेल, आणि तुला वाटेल, बिचारा. तो चेहरा मी तो चालायला लागल्यापासून ओळखते. मग तो सहज कागद पुढे करेल. सही करू नकोस. गाडी ठेवायची तर ठेव, शेडमधून घेऊन जा, नाहीतर मी गुडघे फाकवून तुझ्या दारात आणून सोडते. विकायची असली तर तू वीक, तुला हव्या त्याला, तुला हवी तेव्हा. नाहीतर ती इथेच गंजू दे, माझी काही हरकत नाही. तो माझा मुलगा आहे, कधी आजारी पडला तर मीच उशाशी बसणार आहे, ते काही बदलायचं नाही. पण सोडचिठ्ठी त्याने दिली आहे तुला, मी दिलेली नाही. तेव्हा एकदा त्याच्या तोंडावर नाही म्हण. आणि हे तुला कोणी शिकवलं असं त्याने विचारलं, तर खुशाल माझं नाव सांग.

तुझीच,
सासू